उन्हात ठेवलेला आवाज

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. शेवटाला हसलात तर मला राग येईल.

मी भुतं मानणारा माणूस नाही. आम्ही बौद्ध. माझ्या बापानं घरातले देव गोदावरीत सोडले तेव्हा ते गाठोडं माझ्याच डोक्यावर होतं. ज्या घरात देवांना जागा ठेवली नाही तिथं मुंजा आणि हडळीला कशाला ठेवू? लिंबू-मिरची टांगणाऱ्यांशी मी जन्मभर भांडत आलोय. आजही भांडतो.

तरी हे घडलं.

साल १९७९. उन्हाळा. ठिकाण देवळाली कॅम्प.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. टळटळीत दुपार होती. पत्र्याला हात लावला तर फोड येईल असं ऊन. भुतांच्या गोष्टीत असतं तसलं काहीच नव्हतं तिथं.

फक्त एक म्हातारी होती. आणि एक मेणाचं नळकांडं.

म्हातारी म्हणजे माझी भिमाआत्या. माझ्या बापाची सावत्र बहीण. तिची आई फुलाबाई तापात गेली तेव्हा आत्या नुकती पळायला शिकली होती. आजोबांनी, म्हणजे सावळीरामनं, दुसरं लग्न केलं. त्या दुसरीचा माझा बाप. आत्याला पुढं मालेगावला दिली. नवऱ्यानं टाकली. मूलबाळ नाही. परत आली ती कॅम्पात एका खोलीत राहिली. खोलीपुढं अंगण, अंगणाला तारेचं कुंपण, कोपऱ्यात एक कडुनिंब. एवढाच संसार.

नातेवाईक? होते की. ढीगभर होते. कुणाकडं लग्न निघालं की पोळ्या लाटायला भिमाबाई. कुणाची सून बाळंत झाली की शेकशेगडीला भिमाबाई. काम उरकलं की तिची पिशवी तिच्या हातात. "जपून जा हं, भिमाबाई." झालं. पुढच्या बाळंतपणापर्यंत कुणी विचारायचं नाही की बाई जिवंत आहे का.

हे त्यांनीही वाचावं म्हणूनच लिहितोय.

एकटं माणूस बोलायला लागतं. भांड्यांशी, कावळ्यांशी, स्वतःशी. आत्याही बोलायची. मी सातपूरच्या एका कारखान्यात फिटर. सुट्टीच्या दिवशी सायकल काढून तिच्याकडं जायचो. कुंपणाशी आलो की आतून बोलणं ऐकू यायचं. मला वाटायचं कुणी पाहुणा आलाय. आत जाऊन बघावं तर ती एकटीच. समोर सुपात तांदूळ.

"कुणाशी बोलत होतीस गं?"

"तुझ्या बापाशी. त्याला कुठं ऐकाया येतंय, म्हणून बोलून घेते."

अशी होती आत्या. तोंडाची फाटकी. मला आवडायची.

आता त्या नळकांड्याचं सांगतो.

सावळीराम आजोबा कॅम्पातल्या एका गोऱ्या साहेबाच्या घोड्यांवर कामाला. फुलाबाई त्याच बंगल्यात घोड्यांसाठी हरभरा भरडायची. साहेबाकडं एक बोलणारी पेटी होती. तव्याचा ग्रामोफोन नव्हे, त्याच्या आधीची. चावी द्यायची, रूळ फिरायचा. रुळावर मेणाचं पोकळ नळकांडं चढवायचं. मुठीएवढं लांब. आत्या त्याला 'बांगडी' म्हणायची. त्या मेणावर बारीक चरे. सुई त्या चऱ्यांतून गेली की आवाज.

आणि ती पेटी नुसती वाजायची नाही. सुई बदलली की समोरच्याचा आवाज कोरून घ्यायची.

साहेबाला चाळा होता. नोकरांना पेटीपुढं उभं करायचा. बोल म्हणायचा. फुलाबाई लाजली. पदर तोंडात धरून उभी राहिली. सगळे हसले. मग तिला काही सुचेना, तर तिनं बाहेर खेळणाऱ्या पोरीला हाक मारली.

बस्स. तेवढीच हाक मेणात उतरली.

साहेब विलायतेला गेला तेव्हा जुनी पेटी आणि ते नळकांडं आजोबांना देऊन गेला. लवकरच पेटी बंद पडली. त्याच उन्हाळ्यात फुलाबाईही गेली.

आत्याकडं आईचा फोटो नाही. तोंड आठवत नाही. आई आपल्याला काय नावानं, कशी हाक मारायची, तेही आठवत नाही. पण ती हाक मेणात आहे, एवढं तिला बापानं सांगितलेलं. ती पेटी तिनं मालेगावला नेली. टाकली गेली तेव्हा कपडे तिथंच राहिले, पेटी घेऊन आली.

"झुंबऱ्या, तू मशिनीतला माणूस," ती मला म्हणाली. "मला येकडाव ऐकव. आई मला कशी बोलवायची तेवढं कळू दे. बाकी काय नगं."

मी पेटी खोलली.

आतला पट्टा कुजलेला. शिलाई मशीनचा पट्टा कापून बसवला. सुईच्या मागं अभ्रकाचा पातळ पापुद्रा असतो, तो थरथरतो म्हणून आवाज येतो. तो फुटलेला. मोडक्या इस्त्रीतला अभ्रक काढून गोल कापला. कर्णा गंजून चाळण झालेला, पण त्याच्याऐवजी कानात घालायच्या नळ्या होत्या, डॉक्टरसारख्या. त्यांचं रबर बदललं.

पेटी फिरली.

मग आत्यानं नळकांडं बाहेर काढलं. लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेलं.

मी ते उजेडाला धरलं.

मेणावर पांढरी बुरशी चढली होती. ठिपके ठिपके. खालपासून वरपर्यंत एक तडा, केसासारखा.

तरी लावलं. एक नळी तिच्या कानात, एक माझ्या. दोघं डोक्याला डोकं लावून बसलो.

खरखर...

पत्र्यावर वाळू ओतावी तशी खरखर. त्यात तडा सुईखाली आला की टक्. परत टक्. दारावर कुणीतरी नखानं वाजवावं तसं. पट्टा घसरला की सगळा आवाज जाड व्हायचा, घट्ट झाला की चिरका.

आणि त्या सगळ्याच्या मागं, लांब, विहिरीच्या तळाशी... एक बाई.

काहीतरी म्हणत होती. एक शब्द, दोन शब्द. कळत काहीच नव्हतं. खरखरीनं सगळं झाकलेलं.

आत्यानं नळी काढली. डोळ्यांत पाणी नव्हतं. राग होता.

"हाय ती आत. पण बुरशीनं खाल्ली माझ्या आईला."

"आत्या, आता परत लावू नको. मेण मऊ असतं. सुई गेली की दरवेळी थोडं खरवडलं जातं. जितकं वाजवशील तितकं झिजेल."

"म्हंजी ऐकलं की मरतं?"

मी सुई वर करून ठेवली.

"मुंबईला कुणाला तरी विचारतो, बुरशी कशी काढायची," मी म्हणालो. "तोवर चिंधीत ठेव."

पुढच्या सुट्टीला गेलो. अंगणात खाटेवर पापड. पाटावर कुरडया. गोधड्या कुंपणावर. उन्हाळ्याचं सगळं वाळवण चाललेलं. आत्या निंबाखाली काठी घेऊन कावळे हाकत होती.

आणि पापडांच्या मधोमध, पांढऱ्या धोतराच्या फडक्यावर... ते नळकांडं.

"आत्या!"

"का रं बोंबलतोस?"

"अगं मेण आहे ते! उन्हात घातलंस?"

"बुरशी आलेल्या वस्तूला ऊनच दावतात. लोणचं झालं, पापड झालं, गादी झाली. माझी आई काय वरची आली व्हय?"

"ते पापड आहेत, हा आवाज आहे!"

"मग आवाज काय सावलीत वाळवतात? सांग की. शिकलाईस ना?"

मी कपाळाला हात लावला. नळकांडं उचललं तर गरम, साबणासारखं मऊ. बुरशी मात्र खरंच गेली होती. भुकटी होऊन फडक्यावर पडली होती. पण चऱ्यांच्या कडाही गोल झालेल्या. तडा वितळून बुजला होता.

मला वाटलं, संपलं. म्हातारीनं आपल्या हातानं आपल्या आईला पुसलं.

घरात नेलं. माठाशेजारी थंड केलं. ती मागंच लागली, लाव म्हणून. मी लावलं. एक नळी तिच्या कानात, एक माझ्या.

खरखर नव्हती.

अजिबात नव्हती. टक्-टक् नव्हती. पेटीच्या आत फिरणाऱ्या चाकांची घरघर असते, तीसुद्धा नळीत येत नव्हती. मी कारखान्यात वाढलेला माणूस. असली शांतता मी कधी ऐकलेली नाही. कुणीतरी बोलायच्या आधी श्वास धरतं ना... तसली.

मग एक कावळा ओरडला.

मी दाराकडं बघितलं. अंगणात कावळा नव्हता. कावळा नळीत होता.

काठी आपटल्याचा आवाज. मग बाईचा आवाज, "हाड! हाड मेल्या!"

आत्यानं माझा हात धरला. तो आवाज तिचाच होता.

आता ऐका, मी मूर्ख नाही. मेणावर आवाज कोरायचा तर त्याला वेगळी धारदार सुई लागते. नळकांडं फिरावं लागतं. हे नळकांडं फडक्यावर पडून होतं. पेटी घरात होती. मऊ मेणात फार तर पापडाचा वण उठेल, माणसाचा शब्द उठत नाही. मला हे तेव्हाही माहीत होतं, आजही माहीत आहे.

नळीतली आत्या स्वतःशी बोलत होती. नेहमीसारखी.

"ऊन लय हाय बाई आज."

आणि लगेच, अगदी जवळून, माझ्या कानाच्या पाळीला ओठ लागतील इतक्या जवळून...

"सावलीत सर."

दुसरी बाई. तरुण. विशीतली असेल. आवाजात थोडं हसू.

मी दचकून मागं वळून बघितलं. आत्या हललीसुद्धा नाही.

नळीतली आत्या बोलतच होती. तिला ते ऐकू गेलेलं दिसत नव्हतं. "येवढं पापड लाटलं. खाणार कोन?"

"मी हाय की."

मी सुई उचलली.

खोलीत आमचे दोघांचे श्वास. बाहेर अंगणात कुणी नाही. फडकं, पापड, काठी.

"मी यायच्या आधी कोण होतं तुझ्याबरोबर?" मी विचारलं.

"कोन असनार? कवा असतं?"

"शेजारची माजिदाभाभी आली असेल."

"माजिदा मालेगावला गेलीय म्हायेरी. झुंबऱ्या..." आत्याचा आवाज बारीक झाला. "मी सावलीत सरले होते रं. तवाच. कुणी सांगितल्यावानी. खाट सोडून निंबाखाली जाऊन बसले."

मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "किती ल्हान हाय रं ती. माझ्या नातीयेवढी."

मी तिला म्हटलं, चल माझ्याकडं सातपूरला. आत्ताच चल. ती नाही म्हणाली.

"तिनं माझं नाव कुठं घेतलं अजून?"

त्यानंतर ती रोज दुपारी वाजवायला लागली.

मी जाईन तेव्हा ऐकायचो. काय ऐकायचो ते सांगतो. झीज होत होती. पण झिजत होता तो आत्याचा आवाज. पहिल्यांदा "हाड" पुसट झालं. मग "ऊन लय हाय" मधलं ऊन गेलं. मग ते वाक्यच गेलं. दुसऱ्या बाईचं एक अक्षर हललं नाही. एकच सुई, एकच मेण, एकच चरा. एकीला खरवडत होती, दुसरीला सोडत होती.

"आत्या, तू पुसली जातेस त्याच्यातून."

"पुसू दे. माझा आवाज मी जन्मभर ऐकलाय. त्यात काय ऐकण्यासारखं हाय?"

हे ती बोलली ते घोगऱ्या आवाजात.

मी म्हटलं, सर्दी झाली असेल. उन्हाळ्यात.

पुढच्या वेळी तिचा घसा बसला होता. त्याच्या पुढच्या वेळी ती कुजबुजत होती. कॅम्पातल्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं बॅटरी मारून घसा बघितला. घशात काही नाही म्हणाला. चांगला आहे घसा.

कुंपणाशी सायकल लावली की आतून बोलणं ऐकू यायचं असं मी मघाशी सांगितलं. ते थांबलं. आता कुंपणाशी उभं राहिलं की काहीच नाही. निंबाची पानंसुद्धा वाजत नाहीत. एक बंद दार, आणि आत एक बाई कानात नळ्या घालून बसलेली.

माजिदाभाभी माहेराहून परत आली होती. तिनं मला गाठलं.

"भाई, आपा को ले जाव तुम. अच्छा नही लगता मेरे को."

"काय झालं भाभी?"

"दुपारी अंगणात बसते. ओठ हलतात, आवाज नाय. मग थांबते. ऐसी गर्दन हिलाती, जैसे कोई सामने से बोल रहा. परवा मी पापड मागितले तर हातानं नको म्हणाली. इशारा केला, किसीके लिये रक्खे है. किसके लिये, भाई? तुम लोग तो आते नही."

शेवटचं वाक्य तिनं मुद्दाम मारलं. बरोबर मारलं.

मी आत गेलो, पेटीतला अभ्रकाचा पापुद्रा काढला आणि खिशात घातला. पेटी मुकी.

आत्या बघत राहिली. ओरडायला आवाजच उरला नव्हता तिला. ती माझ्यासमोर येऊन बसली, माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, लहान पोराचं धरतात तसं, आणि ओठांनी एकेक शब्द सोडला. मला तो वाचावा लागला.

अजून... नाव... घेतलं... नाही.

आता तुम्ही म्हणाल, तू अभ्रक परत द्यायला नको होता. म्हणा. ज्या बाईला अख्ख्या नात्यानं कामापुरतं बोलावलं, तिला कुणीतरी नुसतं बोलवायचं म्हणून बोलावणार होतं. मी कोण मध्ये पडणारा? मी अभ्रक परत बसवला. उद्या परत वेळ आली तर परत बसवीन.

तिनं दोन्ही नळ्या कानात घातल्या. मला एक दिली नाही. पहिल्यांदाच.

मी उंबऱ्यात बसलो. बाहेर ऊन. आत अंधारलेली खोली. पेटी फिरत होती. मला काहीच ऐकू येत नव्हतं.

फक्त तिचा चेहरा दिसत होता.

मध्येच ती थोडी हसली. मध्येच तिनं मान हलवली. मग एकदा माझ्याकडं बघितलं. ओठ हलले. काय म्हणाली ते मला वाचता आलं नाही, आणि ती माझ्याशी बोलत नव्हती एवढं कळलं.

मग तिची मान ताडकन वर झाली.

खेळता खेळता पोर थांबतं. घरातून कुणी बोलावलं की. हातातलं तसंच टाकून. अगदी तशी.

तिनं नळ्या काढल्या. उठली. गुडघे धरून उठणारी म्हातारी, सरळ उठली. माझ्या शेजारून बाहेर गेली. तिचा पदर माझ्या तोंडावरून गेला. निंबाखाली जाऊन बसली. बुंध्याला टेकली नाही... बुंधा आणि तिच्यात हातभर जागा सोडून ती कशालातरी टेकली. मान एका बाजूला कलली.

आणि तशीच राहिली.

मी म्हटलं, बसू दे जरा. झोपली तर झोपू दे.

माजिदाभाभी कुंपणापलीकडून आली. तोंडभर हसत होती.

"अल्ला का शुक्र! आपाचा गळा उघडला ना आज? कितनी जोर से बोली! मी चुलीपाशी होते, तिथपर्यंत आलं."

"काय आलं?"

"ओऽऽ, आले, आले. ऐसा. बच्चे के माफिक."

मी उंबऱ्यात बसून होतो. आत्या माझ्या अंगाला घासून गेली होती. माझ्या कानावर एक शब्द पडला नव्हता.

आम्ही दोघंही निंबाकडं वळलो.

आत्या गेली होती. अंग उन्हाळ्यामुळं गरमच होतं. भाभीनं हात लावल्यावर मग ती खाली कलंडली. तोवर ती कशाला टेकून बसली होती, ते मला आजही कुणी सांगावं.

मयताला सगळे आले. जे जिवंतपणी आले नाहीत ते सगळे. त्रिसरण म्हटलं, फुलं वाहिली. एकजण म्हणाला, "भिमाबाई फार प्रेमळ हो." मी त्याला तिथंच विचारलं, शेवटचं कधी भेटला होतास? नंतर मला उद्धट ठरवलं. ठरवा.

तिची भांडी नात्यात वाटली गेली. पेटी कुणालाच नको होती. मी आणली.

पाऊस संपल्यावर एका दुपारी घरात कुणी नव्हतं. बायको-पोरं पिंपळगावला गेली होती. मी पेटी काढली. मला एवढंच बघायचं होतं, तिला ते मिळालं का. नाव घेतलं का तिच्या आईनं. दुसरा हेतू नव्हता.

नळ्या कानात घातल्या. सुई टेकवली.

तीच शांतता. धरलेल्या श्वासाची.

कावळा नव्हता. काठी नव्हती. आत्या कुठंच नव्हती. तिचा सगळा आवाज झिजून गेला होता. तिच्या बोलण्याच्या जागा मात्र तशाच होत्या, रिकाम्या.

"सावलीत सर."

रिकामं...

"मी हाय की."

रिकामं...

"दमलीस?"

हे मी आधी कधी ऐकलं नव्हतं. रिकामी जागा लांबत गेली. त्या जागेत आत्या काय म्हणाली असेल? दमले म्हणाली असेल. दुसरं काय म्हणणार ती?

"चल मग."

आणि मग ती हाक आली. मोठ्यानं, अंगणाच्या पलीकडं पोचेल अशी, शेवट ओढून...

"भिमेऽऽ!"

"ओऽऽ!"

उत्तर आलं. आत्याचं नव्हे. म्हातारीचं नव्हे. दोन-तीन वर्षांच्या पोरीचं. धापा टाकत, हसत. धुळीतून पळत येणारे पाय ऐकू आले मला. बारक्या पैंजणांसकट.

मी रडलो. सांगायला लाज नाही. एकटा बसून, कानात नळ्या घालून, पोटभर रडलो. मिळालं होतं तिला.

तिथंच सुई उचलायला हवी होती. पण मला वाटलं, संपलंच आहे. मेण थोडंसंच उरलेलं. सुई आपोआप कडेला जाईल.

शांतता.

मग ती तरुण बाई परत बोलली. आता आवाज खाली आणून. लेकराला जवळ घेऊन, त्याच्या कानात विचारतात तसा.

"तो कोन बसलाय?"

माझं रडणं थांबलं.

उंबऱ्यात मी बसलो होतो. त्या दिवशी. आत्यानं माझ्याकडं बघितलं होतं, ओठ हलवले होते.

पोरगी म्हणाली,

"झुंबर."

मग परत ती शांतता आली. पण ही वेगळी होती. माझ्या उजव्या कानात, नळीच्या आत, कुणीतरी श्वास घेतला. हाक मारायच्या आधी छाती भरून घेतात तो श्वास.

मी सुई उचलली.

पुढचं मी ऐकलेलं नाही.

याला आता सात वर्षं झाली. नळकांडं माझ्याकडंच आहे, एका डब्यात. ओळखीचे म्हणतात, फोडून टाक. फोडू कसं? आत्याचं म्हणून जगात जे काही उरलंय ते त्या मेणात पळत येणारी ती दोन पावलं आहेत. वाजवूही शकत नाही. शेवटचं जरासं मेण उरलंय आणि त्यात काय आहे, मला माहीत आहे.

बायको विचारते, तुम्ही अलीकडं दुपारी असे गप्प का बसता? पोरांना वाटतं बाप चिडलाय.

घरात एकटा असलो ना, की मी तोंडातून शब्द काढत नाही. स्वतःशीसुद्धा नाही. भांडं पडलं तरी शिवी देत नाही.

बोललं की पुढं उत्तरापुरती रिकामी जागा राहते. पण दुपारी, ऊन भिंतीवर आलं की, कुणीतरी माझ्या गप्प होण्याचीच वाट बघत होतं असं वाटायला लागतं.